‘बसवून ठेवलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

या वेळचं पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका आईचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

“मॅडम, माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. शहरात राहून जेवणाची पार्सलं पोचवायचं काम करतो. दहा दिवसांपूर्वी रात्री दीडला खोलीवर परत जाताना त्याला नाकाबंदीत अडवलं. लायसन्स, गाडीचे कागद सगळं दाखवलं. मग म्हणाले, मोबाईल उघडून दे. त्याने ‘कशासाठी साहेब?’ एवढंच विचारलं, तर कानाखाली मारली. चौकीवर नेलं आणि सकाळी सहापर्यंत बसवून ठेवलं. मोबाईलमधले सगळे मेसेज बघितले. सोडताना एका कोऱ्या कागदावर सही घेतली. आम्ही गप्प बसलो. आता परवा त्याला व्हॉट्सअॅपवर एक नोटीस आली आहे, तुझा नंबर एका गुन्ह्यात आलाय, हजर राहा म्हणून. फोनही आला होता. आईलाही घेऊन ये, तिचा जबाब घ्यायचाय, असं सांगितलं. गाडी माझ्या नावावर आहे म्हणून असेल. घरचे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, जाऊन पाया पडून मिटवून या. मुलाच्या कानात अजून आवाज येतो. त्याला काय सांगू? आणि पत्र लिहून तरी काय होणार, हेही कळत नाही. — एक आई”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोन गोष्टी या आठवड्यातच करायच्या आहेत आणि त्या मी पुढे सविस्तर सांगणार आहे. पण सुरुवात तुमच्या एका शब्दापासून करते. ‘बसवून ठेवलं.’

सव्वीस वर्षं मी फौजदारी वकिली करते आहे आणि हा शब्द मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. पोराला ठाण्यात बसवून ठेवलंय. भावाला काल संध्याकाळपासून बसवून ठेवलंय. नवऱ्याला चौकशीला नेलंय, अजून बसवून ठेवलंय. सगळ्यांना हा शब्द इतका ओळखीचा आहे की तो कायद्यातला असावा असंच वाटतं. कायद्यात तो नाही. माणूस एक तर मोकळा असतो, म्हणजे उठून घरी जाऊ शकतो, किंवा तो ताब्यात असतो. आणि ताब्यात असला की पोलिसांवर लगेच जबाबदाऱ्यांची रांग लागते: का धरलं ते सांगायचं, घरच्यांना कळवायचं, कागद करायचा, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं. ‘बसवून ठेवणं’ ही या दोन्हींच्या मधली जागा आहे. तिथे माणसाला घरी जाता येत नाही आणि पोलिसांना कागदही करावा लागत नाही. तुमच्या मुलाचे ते साडेचार तास तिथे गेले.

मुंबई उच्च न्यायालयाने फार पूर्वी हे स्पष्ट केलेलं आहे. अधिकाऱ्याने कागदावर अटकेची जी वेळ लिहिली तिथून अटक सुरू होत नाही. माणसाचं जाण्या-येण्याचं स्वातंत्र्य ज्या क्षणी काढून घेतलं, त्या क्षणापासून ती सुरू होते. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, घड्याळ बघा. किती वाजता अडवलं, किती वाजता चौकीच्या पायऱ्या चढलात, किती वाजता सोडलं. तुमच्या मुलाच्या बाबतीत या वेळा त्याच्या कामाच्या अॅपमध्ये आपोआप नोंदलेल्या असतील. शेवटचं पार्सल कधी दिलं, त्यानंतर गाडी कुठे थांबली, हे सगळं. त्याचे स्क्रीनशॉट आजच काढून तुमच्या फोनवर पाठवायला सांगा.

एक गोष्ट लपवत नाही. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या १७२व्या कलमात, गुन्हा घडू नये म्हणून पोलीस जी कायदेशीर सूचना देतात ती कुणी मानली नाही, तर त्याला ताब्यात घेता येतं, आणि किरकोळ बाब असेल तर २४ तासांच्या आत शक्य तितक्या लवकर सोडता येतं, अशी तरतूद आहे. हे कलम मला आवडत नाही, कारण ‘बसवून ठेवण्या’ला कायद्याचं पांघरूण घालायला ते वापरलं जाऊ शकतं. तसंच आपल्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ आहे, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत सापडलेल्या माणसाबद्दलचं. पण ‘मोबाईल का बघायचा’ हा प्रश्न म्हणजे सूचना मोडणं नव्हे, आणि कामावरून परतणारा, कागद दाखवणारा मुलगा संशयास्पद कसा? आणि समजा त्यांनी यापैकी कुठलंही कलम लावलं होतं, तर ते कुठे तरी लिहिलेलं हवं. पोलिसांच्या प्रत्येक अधिकाराला एक कलम असतं आणि प्रत्येक कलमामागे एक नोंद असते. आपण मागायची ती ही नोंद. मुलाला पुढच्या वेळी दोनच वाक्यं पुरतील: “साहेब, मला ताब्यात घेतलंय का? घेतलं असेल तर कोणत्या कलमाखाली, आणि घरी कळवू द्या.” आवाज न चढवता, हात खाली ठेवून.

हात खाली ठेवून हे मुद्दाम म्हणते. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५३, ज्याला आपण ‘सरकारी कामात अडथळा’ म्हणत आलो, ते आता भारतीय न्याय संहितेत १३२ आहे. अधिकाऱ्याचा हात झटकला, फोन हिसकावून परत घेतला, की आपली तक्रार बाजूला पडते आणि आपल्यावरच गुन्हा येतो. तुमच्या मुलाने मार खाऊनही हात उचलला नाही. तो घाबरला म्हणून नाही उचलला असं त्याला वाटत असेल आणि त्याची लाज वाटत असेल, तर त्याला सांगा की त्याने योग्य तेच केलं.

नाकाबंदीत काय विचारता येतं? गाडी थांबवता येते. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी मागता येतं आणि ते आपण दाखवायलाच हवं. डिजिलॉकरमधले कागदही चालतात. दारू प्यायल्याचा संशय असेल तर श्वास तपासता येतो. नाव-पत्ता विचारला तर खरा सांगायचा. अदखलपात्र गुन्ह्यातसुद्धा नाव-पत्ता नाकारल्यावरून अटक करण्याची तरतूद कायद्यात आहे. अमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती घ्यायची असेल, तर ती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर घ्या असं म्हणण्याचा हक्क आहे आणि हा हक्क आहे हे त्यांनीच आधी सांगायला हवं. बाईची झडती बाईनेच घ्यायची. नाकाबंदीवरच्या शिपायाबद्दल माझ्या मनात राग नाही. बारा-बारा तास उभं राहून तो ते काम करतो आणि त्यामुळे चोरीच्या गाड्याही सापडतात.

मोबाईल मात्र लायसन्ससारखा कागद नाही. रस्त्यात उभं करून ‘उघड आणि दाखव’ म्हणायला कुठलंही कलम नाही. एखाद्या गुन्ह्याशी फोनचा संबंध असल्याचा संशय असेल तर तो जप्त करता येतो, पण मग पंचनामा होतो, जप्तीची नोंद होते, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५व्या कलमाप्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. किंवा लेखी आदेश काढून फोन हजर करायला सांगता येतं. जप्त झालेल्या फोनचा पासवर्ड सक्तीने मागता येतो का, यावर न्यायालयांमध्ये अजून एकमत नाही, म्हणून त्या टप्प्यावर वकिलाशी बोलल्याशिवाय काही करू नये. पण गुन्हाच दाखल नसताना मेसेज वाचत बसणं या सगळ्याच्या बाहेरचं आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. पोराच्या फोनमध्ये काय होतं? मैत्रिणीचे मेसेज, आईने पाठवलेले देवाचे फोटो, उधारीचा हिशोब. ते वाचले गेल्याचं त्याला किती लागलं असेल, ते तुम्हाला त्याच्या आवाजावरून कळलंच असेल.

आता आठवड्यातल्या त्या दोन गोष्टी. पहिली, कोरा कागद. तुमच्या सबंध पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटली. कानाखाली मारल्याचा राग येणं साहजिक आहे, पण पुढे जो धोका आहे तो त्या सहीत आहे. वकिलीच्या सुरुवातीच्या दिवसांत माझ्याकडे एक भाजीवाले काका आले होते. रस्त्यावर हातगाडी लावताना त्यांना कुणीतरी हाक मारली, “काका, जरा इथे सही करा, काही नाही, पंच म्हणून.” कागद कोरा होता. दोन वर्षांनी साक्षीचं समन्स आलं तेव्हा त्यांना कळलं की त्या कागदावर आपल्यासमोर चाकू जप्त झाल्याचं लिहिलेलं आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून ‘मी चाकू पाहिलाच नाही’ असं सांगताना त्यांचे पाय लटपटत होते. खरं बोलत असूनही खोटं ठरायची वेळ त्यांच्यावर आली होती, कारण सही त्यांचीच होती आणि दोन वर्षांत त्यांनी कुणालाही काही कळवलं नव्हतं.

म्हणून तुम्ही लगेच कळवायचं. कायदा काय सांगतो ते बघा: तपासात पोलिसांनी घेतलेला जबाब लिहून काढला, तरी त्यावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते. पूर्वी हे सीआरपीसीचं कलम १६२ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १८१ आहे. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हेही साक्ष अधिनियमात आहे. तिच्यावरून एखादी वस्तू सापडली तरच तेवढा भाग चालतो. मग कोऱ्या कागदाची गरजच काय, हा प्रश्न लेखी विचारला गेला पाहिजे. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, एक अर्ज ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना आणि त्याच अर्जाची प्रत पोलीस आयुक्तांना. मजकूर शेवटी देते आहे.

दुसरी गोष्ट, व्हॉट्सअॅपवरची नोटीस. ती खरी की खोटी हे आधी ठाण्याच्या लँडलाइनवर फोन करून विचारा. मेसेजमध्ये आलेल्या नंबरवर नको. हल्ली वर्दी घालून व्हिडिओ कॉल करणारे आणि ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली पैसे उकळणारे भामटे गावोगाव फोन करतात. अशी अटक भारताच्या कायद्यात नाही. कुणी पैसे मागितले की फोन ठेवायचा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची.

नोटीस खरी निघाली, तरी ती पोचवायची पद्धत चुकली आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावलं की अशा हजर राहण्याच्या नोटिसा व्हॉट्सअॅपवर पाठवून चालणार नाही, कायद्यात सांगितलेल्या मार्गानेच त्या द्यायच्या. पण ताई, म्हणून ती दुर्लक्षित करू नका. ‘बेकायदा आहे, आम्ही येत नाही’ हे उत्तर ऐकायला शूर वाटतं आणि घात करतं. उलट उत्तर द्या: मेसेज मिळाला, कृपया गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि कोणत्या कलमाखाली बोलावत आहात हे नमूद करून रीतसर नोटीस पत्त्यावर द्यावी, मी दिलेल्या तारखेस हजर राहीन. हे उत्तर त्याच व्हॉट्सअॅपवर द्या आणि पोस्टानेही पाठवा.

‘कोणत्या कलमाखाली’ हे इतकं का विचारायचं? कारण त्यावरून तुमचा मुलगा कोण आहे ते ठरतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ असेल तर त्याला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. कलम ३५ असेल तर त्याच्यावर संशय आहे, पण अटकेची गरज नाही असं पोलिसांनीच मानलेलं आहे. हा दुसरा प्रकार सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सगळ्या ठाण्यांत पोचवला. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक नाही; अटक का हवी याची कारणं लिहायची, नाही तर नोटीस द्यायची. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर तशी कारणं नोंदवावी लागतात. नोटीस मोडणाऱ्याला मात्र हे संरक्षण राहत नाही. म्हणून बोलावलेल्या वेळेला जायचं, वकिलाला सोबत घेऊन जायचं, आणि हजर राहिल्याची नोंद मागायची. गुन्हा खरंच दाखल असेल तर एफआयआर बहुधा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर सापडेल. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे २४ तासांत तिथे टाकावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलेलं आहे. तो वाचल्यावर, मुलाचं नाव त्यात असेल आणि गुन्हा अजामीनपात्र असेल, तर हजर राहायच्या आधीच सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा की नाही हे वकील सांगतील. याला ‘कोर्टाची पायरी चढणं’ म्हणत असतील तर चढा. ती म्हण ज्यांच्याकडे बाहेर मिटवायला पैसा आणि ओळख होती त्यांना परवडत असेल. तुमच्या मुलाकडे यातलं काही नाही, त्याच्याकडे कायदाच आहे.

आणि तुम्ही. तुम्ही ठाण्यात जायचं नाही.

हे मी भीतीपोटी म्हणत नाही. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर कुठल्याही स्त्रीला तिच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडे हजर राहायला पोलीस भाग पाडू शकत नाहीत. पंधरा वर्षांखालची मुलं, साठीपुढचे पुरुष, अपंग, गंभीर आजारी यांनाही तेच लागू आहे. कलम १७९. तुमची स्वतःची इच्छा असेल तरच जायचं. बाईला ठाण्यात बोलावलं की काय होऊ शकतं, हे महाराष्ट्राला फार क्रूरपणे कळलेलं आहे. २६ मार्च १९७२, देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. एका आदिवासी मुलीला जबाबासाठी ठाण्यात आणलं, रात्री उशिरा तिच्या माणसांना जायला सांगितलं आणि तिला थांबवून घेतलं. तिच्यावर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यानंतर चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. त्या पत्रामुळे देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

तुम्ही विचारलंत, पत्र लिहून काय होणार? मुंबईतल्या कैदी बायकांना कोठडीत मारहाण होते हे पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून कळवलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं आणि १९८३ मध्ये महाराष्ट्रातल्या कोठड्यांसाठी आदेश दिले: बायकांची कोठडी वेगळी, पहारा बायकांचा, आणि अटक झाली की कायदेविषयक मदत समितीला लगेच खबर. १९८६ मध्ये पश्चिम बंगालचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र पाठवलं, त्यातून १८ डिसेंबर १९९६ चा निकाल आला. पोलिसांच्या छातीवरची नावाची पट्टी, अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या माणसाची सही, नातेवाइकाला कळवणं, कोठडीत असताना दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हे सगळं त्या निकालाने बंधनकारक केलं. यातलं बरंचसं आता नागरिक सुरक्षा संहितेतच आलेलं आहे. तुमच्या मुलाला मारणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी होती का, हे त्याला आठवतं का विचारा.

पुढे कधी अटक झालीच तर थोडक्यात सांगते. अटकेची कारणं लेखी हवीत, माणसाला समजेल त्या भाषेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं आणि दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी ती हातात द्यायला सांगितली. मराठी मुलाला इंग्रजी कागद देऊन सही घेतली तर ‘मला समजलं नाही’ असं त्यावर मराठीत लिहून मग सही करायची. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, सगळा वेळ नाही तरी भेटता येतं. स्वतःला गुन्ह्यात अडकवणाऱ्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा हक्क संविधानाच्या कलम २० मध्ये आहे. खोटं मात्र बोलायचं नाही. ‘वकिलांशी बोलून सांगतो’ एवढं म्हणायचं. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाचा तो नंबर आहे. ताब्यातल्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केल्यावर ते ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का’ असं विचारतात. बहुतेक पोरं मागे उभ्या असलेल्या हवालदाराकडे बघतात आणि ‘नाही’ म्हणतात. मारलं असेल तर तिथे सांगायचं, त्याच क्षणी, त्या एका प्रश्नाच्या उत्तरात.

आता कानाचं. मुलाला आजच सरकारी रुग्णालयात कान दाखवायला सांगा आणि ‘पोलिसाने मारलं’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून मेडिको-लीगल नोंद करायला सांगा. दहा दिवस उलटले आहेत, तरी पडद्याला इजा असेल तर ती दिसेल आणि उपचारही व्हायला हवेत. चौकीत कॅमेरे असतील तर त्यांचं चित्रण हा सगळ्यात मोठा पुरावा आहे. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण १८ महिने जपायला सांगितलं आहे. कॅमेरा बंद होता असं उत्तर येईल कदाचित. तेही लेखी आलं तर कामाला येतं. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे, योग्य पद्धत न पाळता ताब्यात ठेवल्याची तक्रार करता येते. राज्य मानवी हक्क आयोगही आहे. पण आधी अर्ज.

मुलाने चौकीत व्हिडिओ काढायला हवा होता का, असं त्याचे मित्र विचारत असतील. वर्ध्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलीस ठाणं हे शासकीय गोपनीयता कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, त्यामुळे तिथे चित्रण केलं म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. त्या कायद्याखाली गुन्हा नाही हे खरं. पण रात्री दोन वाजता एकट्या पोराने चार जणांसमोर फोन वर धरावा, असा सल्ला मी माझ्या मुलाला देणार नाही, म्हणून तुमच्याही देत नाही. त्याऐवजी अडवल्याबरोबर घरी लोकेशन पाठवायचं आणि ‘नाकाबंदीत आहे’ एवढा मेसेज टाकायचा. त्या वेळेला एक साक्षीदार तयार होतो.

अर्ज असा लिहा, मुलाच्या अक्षरात आणि सहीने:

“मी अमुक तारखेला रात्री १.३० वाजता अमुक रस्त्यावरील नाकाबंदीत थांबवला गेलो. वाहनाची सर्व कागदपत्रे दाखवली. मला अमुक चौकीत नेऊन सकाळी ६ पर्यंत थांबवून ठेवण्यात आले. अटकेचे वा ताब्यात घेतल्याचे कारण, कलम सांगितले नाही, घरी कळवू दिले नाही. माझा मोबाईल पंचनामा न करता तपासण्यात आला. डाव्या कानावर मारण्यात आले. सोडताना कोऱ्या कागदावर माझी सही घेण्यात आली. त्या कागदावर पुढे कोणताही मजकूर आढळल्यास तो मी दिलेला वा मान्य केलेला नाही. सदर कागद मला परत मिळावा, त्या रात्रीच्या स्टेशन डायरीतील नोंदीची प्रत मिळावी, आणि चौकीतील रात्री १ ते सकाळी ७ या वेळेतील सीसीटीव्ही चित्रण जतन करावे, ही विनंती.”

तारखा आणि जागा तेवढ्या भरा. कान डावा की उजवा ते नीट लिहा. अर्जात शिवीगाळ नको, ‘अन्याय’, ‘जुलूम’ असे शब्दही नकोत. काय झालं आणि किती वाजता झालं एवढंच. तीन प्रती काढा. मुलगा स्वतः ठाण्यात अर्ज द्यायला गेला तर सोबत वकील किंवा दोन माणसं असू द्या, आणि तिसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पोच नाकारली तर वाद घालायचा नाही, सरळ पोस्टात जायचं.

तुमचा जबाब घ्यायला कुणी घरी आलं तर चहा विचारा, ओट्यावर बसवा, शेजारच्या दोघांना बोलावून घ्या. गाडी तुमच्या नावावर आहे, कर्ज कुणाचं, चालवतो कोण, जे खरं आहे ते सांगा. सही मागितली तर सांगा की जबाबावर सही लागत नाही असं वकीलबाईंनी सांगितलंय.